जुना डेस्कटॉप, नवा लॅपटॉप आणि मधला प्रिंटर: घरातलं शेअरिंग अडलं तर कुठून शोधायचं

आत्याच्या घरी हॉलच्या कोपऱ्यात विंडोज ७चा डेस्कटॉप आहे. आतोबा त्यावर सोसायटीचे हिशेब आणि नोटिसा लिहितात. त्याला यूएसबीच्या वायरने एक छोटा लेझर प्रिंटर जोडलाय. आतल्या खोलीत नातीचा विंडोज १०चा लॅपटॉप. नातीला तिची प्रोजेक्टं हॉलमधल्या प्रिंटरवर छापायची असतात. आतोबांना लॅपटॉपवर उतरवलेली बँकेची स्टेटमेंटं आपल्या संगणकावर हवी असतात. वर्षभर हा कारभार पेनड्राइव्हवर चालला. शेवटी मला फोन आला, "अरे, दोन्ही एकाच घरात, एकाच इंटरनेटवर. मग एकमेकांना ओळख का दाखवत नाहीत?"

त्या दिवशी माझे दोन तास वाया गेले, कारण मी चुकीच्या टोकाने सुरुवात केली. शेअरिंगच्या सेटिंगा उलटसुलट करत बसलो आणि दोष निघाला राउटरच्या जोडणीत. आता मी क्रम सोडत नाही. आधी दोन संगणक एकमेकांपर्यंत पोहोचतात का ते बघायचं. मग दार उघडं आहे का, मग आत कोणाला घेतात, आणि प्रिंटर सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदललेलं कागदावर लिहून ठेवायचं. पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि काम झालं, तर कशाने झालं ते कळत नाही. पुढच्या वेळी परत पहिल्यापासून.

सोयीसाठी, ज्या संगणकाला प्रिंटर जोडलाय आणि ज्यावर फाइली ठेवायच्या आहेत त्याला यजमान म्हणू, आणि दुसऱ्याला पाहुणा. शक्यतो घरात यजमान एकच ठेवा. लॅपटॉपवरच्या फाइली डेस्कटॉपला हव्या असतील तर लॅपटॉपनेच त्या डेस्कटॉपच्या फोल्डरमध्ये नेऊन टाकाव्यात. दोन्हीकडे शेअरिंग चालू केलं की भानगडी दुप्पट होतात.

पहिली पायरी: दोघे एकाच गल्लीत राहतात का?

दोन्ही संगणकांवर स्टार्टमध्ये सीएमडी असं शोधून काळी खिडकी उघडा. तिथे आयपीकॉन्फिग हा शब्द, मध्ये जागा न सोडता, इंग्रजी अक्षरांत टाइप करून एंटर दाबा. बऱ्याच ओळी येतील. आपल्याला फक्त 'आयपीव्ही४ ॲड्रेस' ही ओळ हवी. समोर १९२.१६८.१.२० असा चार तुकड्यांचा आकडा असेल. दोन्ही संगणकांचे आकडे शेजारी शेजारी लिहा. घरगुती राउटरवर पहिले तीन तुकडे सारखे आणि शेवटचा वेगळा असायला हवा. आकडा १६९.२५४ने सुरू होत असेल तर त्या संगणकाला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. वायर बघा, राउटर बंद करून चालू करा, पुढे जाऊ नका.

आतोबांकडे डेस्कटॉपचा पत्ता १९२.१६८.०ने सुरू होत होता आणि लॅपटॉपचा १९२.१६८.१ने. तिसऱ्या तुकड्यात एवढासा फरक, आणि मी तो आधी पाहिलाच नव्हता. झालं असं होतं की फायबरचं कनेक्शन घेतल्यावर नवा डबा आतल्या खोलीत बसला, त्याचा वायफाय लॅपटॉपला मिळाला. जुना राउटर मात्र हॉलमध्ये तसाच राहिला, कारण डेस्कटॉपची वायर तिथेच पोहोचत होती. नव्या डब्यातून निघालेली वायर जुन्या राउटरच्या 'वॅन' किंवा 'इंटरनेट' असं लिहिलेल्या, वेगळ्या रंगाच्या खाचेत खोचली होती. अशा जोडणीत जुना राउटर स्वतःचं वेगळं नेटवर्क तयार करतो. त्या नेटवर्कच्या आतल्याला बाहेर जाता येतं, म्हणून दोघांचंही इंटरनेट उत्तम चालतं. पण बाहेरच्याला आत येता येत नाही. लॅपटॉप बाहेर, डेस्कटॉप आत. इंटरनेट चालतंय म्हणून तक्रार राउटरची असेल असं कोणाच्या मनातही येत नाही.

यावर उपाय म्हणजे जुन्या राउटरला नुसता वाटप करणारा डबा बनवणं. त्याच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट मोड' असेल तर तो निवडा, काम संपलं. नसेल तर त्याचा स्वतःचा पत्ता बदलून नव्या डब्याच्या रांगेतला, पण दुसऱ्या कोणाला वाटला न जाणारा द्या. मग त्याचं 'डीएचसीपी' बंद करा, म्हणजे पत्ते वाटण्याचं काम एकट्या नव्या डब्याकडे राहील. शेवटी ती वायर वॅनच्या खाचेतून काढून बाकीच्या चार सारख्या खाचांपैकी एकीत लावा. क्रम महत्त्वाचा आहे. वायर आधी हलवली तर दोन राउटर एकाच घरात पत्ते वाटू लागतात.

आणखी एक जागा तपासा. लॅपटॉप 'गेस्ट' नावाच्या वायफायवर नाही ना? घरी आलेल्या माणसांसाठीचं हे नेटवर्क मुद्दाम असं केलेलं असतं की त्यावरच्या कोणाला घरातली इतर उपकरणं दिसू नयेत. वायफायची २.४ आणि ५ अशी दोन नावं असतील तर त्याची काळजी नको, ती सहसा एकाच नेटवर्कची असतात.

दुसरी पायरी: हाक मारून पाहा

पाहुण्या संगणकाच्या काळ्या खिडकीत पिंग, मग एक जागा, मग यजमानाचा पत्ता. (इथे मी मराठी आकडे लिहितोय, टाइप करताना अर्थात इंग्रजी.) 'रिप्लाय फ्रॉम' आणि पुढे यजमानाचाच पत्ता आला तर उत्तम. उत्तर आलं नाही तर नेमकं काय लिहून आलं ते वाचा, कारण दोन नकारांचे अर्थ वेगळे आहेत. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' म्हणजे बहुतेक वेळा यजमान झोपलाय, बंद आहे किंवा वेगळ्या नेटवर्कवर आहे. पहिल्या पायरीवर परत जा. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' म्हणजे यजमान जागा असू शकतो, फक्त त्याची फायरवॉल (नेटवर्कवरून येणारं-जाणारं अडवणारा पहारेकरी) त्याला बोलू देत नाही. अशा वेळी पुढे चला.

झोपेचं म्हणाल तर जुन्या डेस्कटॉपच्या 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये 'स्लीप' हे 'नेव्हर' करून टाका. स्क्रीन बंद झाली तरी चालेल. 'सकाळी चालत होतं, दुपारी बंद पडलं' या तक्रारीचं उत्तर कित्येकदा एवढंच असतं.

तिसरी पायरी: दार उघडा, पण घराचंच

विंडोज प्रत्येक नेटवर्कला 'पब्लिक' नाहीतर 'प्रायव्हेट' ठरवतो. पब्लिक म्हणजे स्टेशनवरचा वायफाय. तिथे तो दारं लावून बसतो. गोम अशी की राउटर बदलला की विंडोजच्या दृष्टीने ते नवं नेटवर्क असतं, आणि विचारलेल्या प्रश्नाला घाईत 'नाही' म्हटलं की ते पब्लिक ठरतं. म्हणून नवं ब्रॉडबँड घेतल्यावर वर्षानुवर्षं चालणारं शेअरिंग अचानक बंद पडतं.

विंडोज १०मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, चालू जोडणीचं प्रॉपर्टीज, आणि तिथे प्रायव्हेट. विंडोज ७मध्ये कंट्रोल पॅनेलमधल्या 'नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर'ला जा. नेटवर्कच्या नावाखाली 'पब्लिक नेटवर्क' दिसलं तर त्यावर क्लिक करा. तिथे होम, वर्क आणि पब्लिक असे तीन पर्याय येतात. घर असूनही मी 'वर्क' निवडतो. 'होम' निवडलं की 'होमग्रुप', म्हणजे घरातल्या संगणकांचा शेअरिंगचा गट, बनवायचा आग्रह सुरू होतो, आणि होमग्रुप आता कामाचा नाही. विंडोज ७बरोबर आलेली ही सोय मायक्रोसॉफ्टने २०१८ साली विंडोज १०च्या १८०३ या आवृत्तीत काढून टाकली. इंटरनेटवरचे जुने व्हिडिओ बघून होमग्रुप शोधत बसलेली माणसं मला अजून भेटतात.

मग त्याच ठिकाणी डाव्या बाजूला 'चेंज ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज'. तिथे 'नेटवर्क डिस्कव्हरी' चालू, 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू, आणि 'पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग' हेही चालूच. पासवर्ड बंद करा म्हणजे सोपं जाईल, असं बरेचजण सांगतात. ऐकू नका. नव्या विंडोजच्या काही आवृत्त्या बिनपासवर्डाच्या यजमानाकडे जायलाच नकार देतात, त्यामुळे आज सोपं वाटलं तरी लॅपटॉप बदलल्यावर ते अडतं.

अँटीव्हायरसला स्वतःची फायरवॉल असेल तर तिच्याकडेही बघा. पाच मिनिटं बंद करून पुन्हा प्रयत्न करा. तेवढ्यात चाललं तर दोष सापडला. ती परत चालू करून तिच्यात घरच्या नेटवर्कला 'ट्रस्टेड' म्हणून परवानगी द्या. बंद ठेवून निघून जाऊ नका.

चौथी पायरी: नावाने नको, पत्त्याने जा

बहुतेक सगळे इथेच चुकतात. एक्सप्लोररच्या डावीकडचं 'नेटवर्क' उघडायचं, तिथे दुसरा संगणक दिसला नाही की 'जोडलंच जात नाही' असं ठरवायचं. ती यादी म्हणजे दारावरच्या पाट्या. पाटी पडली म्हणून घर पडत नाही. जुन्या विंडोजमध्ये ही यादी ज्या पद्धतीने बनायची ती नव्यात राहिलेली नाही, त्यामुळे जुन्या-नव्यांच्या घरात ती अर्धवट दिसणं नेहमीचंच.

सरळ विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. छोट्या चौकटीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि लगेच यजमानाचा पत्ता लिहा: \\१९२.१६८.१.२०. एंटर. फोल्डरची खिडकी उघडली, किंवा नाव आणि पासवर्ड विचारणारी चौकट आली, तर दार उघडं आहे. 'नेटवर्क पाथ वॉज नॉट फाउंड' आलं तर तिसरी पायरी परत बघा. अडथळा अजून फायरवॉलमध्येच आहे.

पत्त्याने उघडतं पण यादीत दिसत नाही, एवढीच तक्रार उरली असेल तर दोन्हीकडे 'सर्व्हिसेस'मध्ये 'फंक्शन डिस्कव्हरी'ने सुरू होणाऱ्या दोन सेवा 'ऑटोमॅटिक' करा. मी ते करतोच असं नाही. त्यापेक्षा यजमानाचा पत्ता पक्का करणं जास्त कामाचं. लाइट गेली, राउटर बंद पडून पुन्हा चालू झाला की तो वेगळा पत्ता वाटू शकतो, आणि काल चालणारा शॉर्टकट आज चालत नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' शोधा आणि डेस्कटॉपसाठी एक पत्ता राखून ठेवा. संगणकाचं नावही पंधरा इंग्रजी अक्षरांच्या आत, मध्ये जागा न सोडता ठेवलेलं बरं.

पाचवी पायरी: आत कोणाला घ्यायचं

नाव-पासवर्डाच्या चौकटीशी नातीने अर्धा तास झगडा केला होता. ती आपल्या लॅपटॉपचा पिन टाकत होती. इथे यजमानाच्या घरचं नाव आणि यजमानाच्या घरचा पासवर्ड लागतो. पिन तर त्या एका यंत्रापुरताच असतो, नेटवर्कवर तो कुठेच चालत नाही.

"पण माझ्या कॉम्प्युटरला पासवर्डच नाही," आतोबा म्हणाले. तिथेच दुसरी गाठ होती. ज्या खात्याला पासवर्ड नाही, त्या खात्याने समोर बसून काम करता येतं, पण नेटवर्कवरून विंडोज त्याला मुळात आत घेत नाही. आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाला रोज पासवर्ड टाकायला लावणं मला जिवावर येतं.

त्यापेक्षा डेस्कटॉपवर कंट्रोल पॅनेल, यूजर अकाउंट्स, 'मॅनेज अनदर अकाउंट' इथे एक नवं साधं खातं बनवा. नाव 'घर', इंग्रजी अक्षरांत. प्रकार 'स्टँडर्ड', 'ॲडमिनिस्ट्रेटर' नको. त्याला चांगला पासवर्ड द्या. हे खातं फक्त नेटवर्कवरून येणाऱ्यांसाठी. आतोबा आपल्या खात्याने पूर्वीसारखेच बसतील. फक्त आता दोन खाती झाल्यामुळे सुरुवातीला आपल्या नावावर एक क्लिक करावी लागेल. लॅपटॉपवर चौकट आली की डेस्कटॉपचं नाव, एक उलटी तिरकी रेघ, मग 'घर', आणि खाली तो पासवर्ड. 'रिमेंबर'वर खूण करा. पूर्वी चुकीचं काही साठवलं गेलं असेल तर लॅपटॉपच्या 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये जाऊन ते पुसा आणि एकदा साइन आउट होऊन परत या. हे न केल्यामुळे बरोबर पासवर्ड टाकूनही नकार मिळत राहतो.

आता फोल्डर. पूर्ण सी ड्राइव्ह शेअर करू नका, स्क्रीनवरचा 'डेस्कटॉप' हा फोल्डरही नको. डी ड्राइव्हवर एक नवा फोल्डर बनवा. राइट क्लिक, प्रॉपर्टीज. इथे दोन वेगळ्या टॅबवर दोन वेगळ्या परवानग्या असतात आणि गोंधळ तिथेच होतो. 'शेअरिंग'मधली परवानगी नेटवर्कवरून येणाऱ्याला लागू, 'सिक्युरिटी'मधली सगळ्यांनाच. दोन्हींत जी कडक, ती चालते. फाइल उघडते पण सेव्ह होत नाही, असं झालं की समजा एकीकडे फक्त वाचायची परवानगी राहिली आहे. 'शेअरिंग'मध्ये 'ॲडव्हान्स्ड शेअरिंग', 'परमिशन्स', तिथून 'एव्हरीवन' काढा, 'घर' जोडा, 'चेंज'वर खूण. मग 'सिक्युरिटी'त 'घर'ला 'मॉडिफाय'. फोल्डरचं नाव मराठीत ठेवलं तरी चालतं, पण शेअरचं नाव इंग्रजी ठेवा. पत्त्यात टाइप करायला ते सोपं.

प्रिंटर

फोल्डर उघडल्याशिवाय प्रिंटरला हात लावू नका. दोघांचा रस्ता एकच आहे.

यजमानावर 'डिव्हायसेस अँड प्रिंटर्स', प्रिंटरवर राइट क्लिक, 'प्रिंटर प्रॉपर्टीज' (नुसतं 'प्रॉपर्टीज' नव्हे), 'शेअरिंग', आणि 'लेझर' असं एखादं छोटं इंग्रजी नाव. पाहुण्यावर प्रिंटर जोडताना यादीची वाट बघू नका; 'द प्रिंटर दॅट आय वॉन्ट इजन्ट लिस्टेड' निवडून पूर्ण पत्ता लिहा, म्हणजे दोन रेघा, यजमान, एक रेघ, प्रिंटरचं नाव.

अडचणी दोन येतात. पहिली ड्रायव्हरची, म्हणजे संगणकातल्या प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅमची. जुना डेस्कटॉप बऱ्याचदा ३२ बिटचा असतो, लॅपटॉप ६४ बिटचा. यजमानाकडचा ड्रायव्हर पाहुण्याला चालत नाही. म्हणून लॅपटॉपवर त्याच्या विंडोजसाठीचा ड्रायव्हर आधी स्वतंत्र उतरवून बसवा. ड्रायव्हर बसवताना वायर मागितली तर दहा मिनिटं प्रिंटर लॅपटॉपलाच जोडा आणि एक पान छापून बघा. कॅननचा एलबीपी २९००, एचपीचा १०२० असे फक्त यूएसबीवर चालणारे छोटे प्रिंटर तर स्वतः फार थोडं काम करतात; पान तयार करण्याचा बराच भार संगणकातला ड्रायव्हर उचलतो. त्यामुळे ड्रायव्हर नेमका त्याच मॉडेलचा लागतो, जवळपासचा चालवून घेता येत नाही.

दुसरी अडचण म्हणजे शेवटी '११बी' असलेला एरर. २०२१ साली विंडोजच्या छपाईच्या यंत्रणेत सुरक्षेच्या गंभीर उणिवा सापडल्या. त्यातली 'प्रिंटनाइटमेअर' बरीच गाजली. त्या बुजवताना मायक्रोसॉफ्टने शेअर केलेल्या प्रिंटरचे नियम कडक केले, आणि नव्या-जुन्या संगणकांच्या जोड्या त्यात अडकल्या. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या वहीत) एक आकडा शून्य करा, असा उपाय सगळीकडे सापडेल. त्याने काम होतं, पण घातलेलं कुलूप काढून ठेवल्यासारखं होतं. त्याऐवजी हे करा. लॅपटॉपवर ड्रायव्हर बसलेला आहेच. प्रिंटर जोडताना 'ॲड अ लोकल प्रिंटर', मग 'क्रिएट अ न्यू पोर्ट', प्रकार 'लोकल पोर्ट', आणि पोर्टचं नाव म्हणून तोच पूर्ण पत्ता. लॅपटॉपला वाटतं प्रिंटर आपलाच आहे, आणि तयार झालेलं पान तो फाइल पाठवावी तसं यजमानाकडे पाठवतो. आत्याकडे गेली दोन वर्षं असंच चाललंय.

पान अडकून रांग पुढे सरकत नसेल तर यजमानावर 'सर्व्हिसेस'मध्ये 'प्रिंट स्पूलर' (छपाईची रांग सांभाळणारी सेवा) थांबवा, विंडोज फोल्डरमधल्या सिस्टिम३२च्या आत 'स्पूल', त्याच्या आत 'प्रिंटर्स', तिथल्या फाइली पुसा (फोल्डर नाही), आणि स्पूलर पुन्हा सुरू करा.

घरात अजून विंडोज एक्सपी असेल तर

एक्सपीला फाइली देण्याघेण्याची एकच जुनी बोली येते, एसएमबी१. विंडोज १०मध्ये २०१७च्या अखेरच्या आवृत्तीपासून ती मुळात बंद करत आणली गेली. 'विंडोज फीचर्स'मध्ये खूण करून ती परत चालू करता येते. करू नका. १२ मे २०१७ला वॉनाक्राय हा फाइली ओलीस धरणारा व्हायरस याच बोलीतल्या भोकातून जगभर पसरला, आणि २७ जूनला आलेल्या नॉटपेट्यानेही तेच भोक वापरलं. त्या दिवशी आपल्या न्हावा शेव्याच्या बंदरातलं एक कंटेनर टर्मिनल बंद पडलं होतं.

विंडोज ७ला मात्र जुनी आणि नवी, दोन्ही बोली येतात. त्यामुळे तो दुभाषा म्हणून वापरता येतो. एक्सपीने आपली फाइल सातच्या फोल्डरमध्ये टाकायची, दहाने तिथून उचलायची. एक्सपीला इंटरनेट देऊ नका, आणि सातवर त्याची सगळी अपडेटं बसलेली असू द्या. सातचा मायक्रोसॉफ्टकडचा आधार जानेवारी २०२०मध्ये संपला आणि दहाचाही १४ ऑक्टोबर २०२५ला, तेव्हा या जुन्या संगणकांवर नेटबँकिंग तर नकोच. वर्षातून दोनदा एखादी फाइल लागत असेल, तर एक्सपीसाठी पेनड्राइव्हच ठीक.

शेअरिंग जमल्यावर तिसऱ्या दिवशी आतोबांचा पुन्हा फोन आला. नातीने त्यांची वार्षिक सभेची नोटीस लॅपटॉपवर उघडली, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा. "नेटवर्कमध्ये फाइल बिघडली बघ." फाइल बिघडली नव्हती. ती युनिकोडच्या (आता सगळीकडे चालणाऱ्या मराठी टायपिंगच्या) आधीच्या, श्रीलिपीसारख्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती, आणि तो फॉन्ट लॅपटॉपवर नव्हता. अशी फाइल ज्या संगणकावर फॉन्ट आहे तिथूनच छापावी. दुसरीकडे न्यायची असेल तर तिथेच पीडीएफ करून मग सामाईक फोल्डरमध्ये टाकावी. आतोबांच्या वर्ड २०१०मध्ये 'सेव्ह ॲज'च्या यादीत पीडीएफ आहेच. यजमानाचा पत्ता, प्रिंटरचं नाव आणि 'घर'चा पासवर्ड एका कागदावर लिहून मी त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. फोनवर त्यांना खाली ही ओळही लिहून घ्यायला सांगितली: नोटीस पाठवायची तर पीडीएफ करून.